कोंबड्यांची न्हाणी

सोपानआप्पा राख चाखून बघतात.

म्हणजे चमचा भरून तोंडात टाकतात असं नाही. करंगळी थुंकीने ओली करायची, राखेच्या ढिगाला हलकेच टेकवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग लिंबाच्या बुंध्याशी पचकन थुंकायचं. थुंकून झालं की निकाल. "बाभळ हाय. पर सालीसकट जाळलीय." किंवा, "ह्यात कायतरी मेणचट लागतंय. दुधाची पिशवी गेलीय ह्यात." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, खोली भाड्याने घेण्याआधी आणखी दोन ठिकाणी चौकशी करायला हवी होती.

पण तोवर मी पसंत पडलो होतो. मी मूळचा केंदूरचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. शिरूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं आणि दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. माझ्या पदवीचा कागद वडिलांनी फ्रेम करून देवघराच्या वर टांगला आहे, त्यामुळे आमच्या घरी उदबत्ती आधी त्याला मिळते. अशा माणसाला घरमालक काय काय विचारतील याची मी पूर्ण तयारी करून गेलो होतो. गाव कुठलं, लग्न झालंय का, नोकरी कायम आहे का. आप्पांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"मास्तर, आंघोळीचं पाणी कशावर तापवणार?"

"हीटर आहे माझ्याकडं."

"बंब न्हाई ना?"

"नाही."

"मग या ऱ्हायला. बंबवाली माणसं काय वाट्टेल ते जाळत्यात."

आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. वाफेच्या इंजिनांचे शेवटचे दिवस चालू असताना ते खलाशी, म्हणजे शेडातले मजूर, म्हणून लागले. इंजिन शेडमध्ये आलं की खालच्या खड्ड्यात राख पाडायची, तिच्यावर पाणी मारायचं आणि फावड्याने ती उपसायची, हे त्यांचं काम. थोड्याच वर्षांत वाफेची इंजिनं गेली. पुढची सगळी नोकरी आप्पांनी डिझेलच्या बाजूला, तेलकट फडकी हातात घेऊन काढली. पण त्या नोकरीबद्दल ते अवाक्षर बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ते काय, करत होतो आपलं." राखेच्या खड्ड्यावरची ती पहिली वर्षं मात्र दरवर्षी थोडी थोडी वाढत जातात. मी राहायला आलो तेव्हा ती सहा होती. आता अकरा झाली आहेत.

निवृत्तीनंतर आप्पांनी घराच्या मागे गावरान कोंबड्या पाळल्या आणि त्यांचं हे ज्ञान एकदम कामाला आलं. कोंबडी पाण्याने आंघोळ करत नाही. ती मातीत लोळते, पंखांनी धूळ अंगावर उडवून घेते, मग उठून सगळं झटकून टाकते. त्यात पिसांमधल्या उवा, पिसवा मरतात. मातीत थोडी लाकडाची राख असली तर लवकर मरतात. एवढीच ही गोष्ट आहे. माझी आजी केंदूरला हे काम चुलीतली राख सुपाने उकिरड्याकडेला फेकून दोन सेकंदांत करायची. आप्पांना त्याला संपूर्ण दिवस लागतो.

त्यांनी कोंबड्यांसाठी न्हाणी बांधली आहे. हातभर खोल, विटांनी बांधलेला चौकोन. वर पत्रा, कारण पाऊस लागता कामा नये. चारही बाजू उघड्या, कारण आत धूळ कोंडता कामा नये. आत चार घमेली कोरडी माती, एक घमेलं चाळलेली वाळू आणि राख फक्त एक तांब्या. तांब्याच्या वर आप्पा हात फिरवून शीग काढतात. राख जास्त झाली की कोंबडीची कातडी कोरडी पडते आणि श्वासाला त्रास होतो, असं ते सांगतात. पिल्लांना तर दोन महिने तिकडे फिरकू देत नाहीत. "कोंबडीचं फुफ्फुस केवढं असतंय मास्तर? शेंगदाण्याएवढं. त्याला जपाया पायजे."

या राखेची तयारी म्हणजे सोहळाच. चुलीतून काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची. डबा भिंतीपासून लांब, उघड्यावर, दगडावर ठेवायचा. पूर्ण दोन दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. "वरनं गार दिसती, पर आत इस्तू असतो. शेडात एकाचा बूट जळून तळव्याला चिकटला व्हता." दोन दिवसांनी राख चाळायची. खिळा, तार, कोळशाचा खडा निघाला तर तो आप्पांना दाखवायचा. मग चाखणी. मग तांब्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राख कशाची आहे. रंग दिलेलं लाकूड नको, प्लायवूड नको, दगडी कोळसा नको. आमच्याकडे चूल पेटवताना लाकडं ओली असली की बायका खाली कॅरीबॅग सारतात, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. भसकन पेट घेते. आप्पांच्या लेखी हा खुनाच्या खालोखालचा गुन्हा. म्हणून ते कुणाच्याही घरी गेले की "बरं हाय ना?" असं न विचारता "पेटवलं कशानं?" असं विचारतात. गल्लीतल्या बायका त्यांना लांबून पाहिलं की चुलीपुढे आडव्या बसतात.

मागच्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका सरांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. अक्षता पडायच्या वेळेला आप्पा गायब. शोधत गेलो तर मंगल कार्यालयाच्या मागे, आचाऱ्याच्या भट्टीपुढे उकिडवे बसलेले. नवा सदरा, फेटा आणि हातात राख.

"लाकूड कुठलं?"

"बाभळीचं," आचारी म्हणाला. त्याच्या पुढ्यात तीन पातेली उकळत होती.

"ते दिसतंय. पेटवलं कशानं?"

"टायरच्या तुकड्यानं. आप्पा, सरका जरा, भात लागंल."

आप्पांनी हातातली राख अशी झटकली की जणू त्यांना कुणी फसवून दुसऱ्याची चप्पल घालायला लावली होती. मला वाटलं, आता हे जेवणार नाहीत. पण पंगतीत त्यांनी जिलेबी तीनदा घेतली.

"आप्पा, त्याच भट्टीवरचं आहे," मी म्हणालो.

"मग? जेवण मानसांचं हाय. त्याला चालतंय."

तेव्हा मी हसलो होतो. हे वाक्य हसण्यासारखं नाही, हे कळायला मला पुढे आठ महिने लागले.

आप्पांची बायको हिराकाकू. बुटक्या, काटक, बोलायला तिखट. घरात गॅस होता, शेगडी होती, दोन सिलिंडर होते. काकूंना गॅसवर स्वयंपाक करायला आवडायचं. पण गॅसची राख होत नाही. त्यामुळे आप्पांनी मागच्या पडवीत चूल ठेवली होती आणि काकूंनी रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर भाकरी थापायच्या, असा नियम होता. लोकांच्या घरी स्वयंपाक केला की राख उरते. आप्पांच्या घरी राख करायची असल्यामुळे भाकरी उरायची. त्यातल्या दोन मला मिळायच्या आणि पिठल्याची वाटीही. खोटं कशाला बोलू, त्या भाकरीच्या बदल्यात मी आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान ऐकून घेत होतो.

चूल पेटवायलाही प्लास्टिक नाही आणि रॉकेल नाही. काकूंनी फुंकणीने फुंकायचं. लाकडं दमट असली की पडवी धुराने भरून जायची आणि आतून काकूंचा आवाज तेवढा यायचा. आधी शिव्या, मग खोकला.

राख चाळायचं कामही त्यांचंच. आप्पा खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि देखरेख करायचे. काकू पदर नाकाला लावून चाळण हलवायच्या. पांढरी धूळ उडायची. एकदा काकूंना खोकल्याची उबळ आली आणि चाळण बंद पडली. आप्पा लगबगीने उठले. मला वाटलं, पाणी आणायला निघाले.

"अगं, तोंड तिकडं करून चाळ," ते म्हणाले. "सगळी धूळ कोंबड्यांकडं जातीय."

काकूंनी पदर बाजूला केला. "मी कोंबडी असते तर बरं झालं असतं. मापानं तरी मिळाली असती."

गल्लीत हे वाक्य आठवडाभर गाजलं. आप्पाही हसले. मीही हसलो.

माझं शिक्षण या सगळ्यात कामी आलं नाही असं नाही. एकदा आप्पा म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळंत ते रंग बदलणारे कागद असत्यात ना?" मी मुख्याध्यापकांची परवानगी काढून लिटमसच्या चार पट्ट्या आणल्या. बशीत राख कालवली, तांबडा कागद बुडवला, तो निळा झाला.

"निळा म्हंजी पास का नापास?"

"तसं नसतं आप्पा. राख अल्कधर्मी आहे. कोरडी असेल तोवर ठीक, ओली झाली की कातडीला चावते."

आप्पांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "एवढ्यासाठी कॉलेजात गेलता? खड्ड्यावर ओल्या राखंत उभं राहून टाचा फुटल्या माझ्या. म्हून तर वर पत्रा टाकलाय." मग मात्र त्यांनी तो निळा कागद वहीत चिकटवला. पुढे शिरूरहून एक तरुण शेतकरी गावरान कोंबड्यांचा धंदा बघायला आला, त्याला तो कागद दाखवून सांगितलं, "आपल्याकडं सगळं सायन्सप्रमाणं चालतं. हे आपले बी.एस्सी. मास्तर." तो माणूस दोन तास बसला. त्याने राख कशी गार करायची, किती घालायची, ओली झाली तर सगळी न्हाणी कशी उपसायची, हे सगळं मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. आप्पांचा चेहरा त्या दिवशी असा होता की जणू रेल्वेने त्यांना परत बोलावलं आहे. पडवीत काकू त्याच्यासाठी चहा करत होत्या. चुलीवर, कारण पाहुण्याला चूल दाखवायची होती. चहाबरोबर खोकल्याचा आवाजही येत होता. शिरूरच्या माणसाने एकदा तिकडे पाहिलं.

"काकींना बरं न्हाई का?"

"तिला सवय हाय," आप्पा म्हणाले. "हां, तर मी काय म्हणत व्हतो..."

दिवाळीनंतर काकूंचा खोकला थांबेना. आधी त्या अंगणापर्यंत येऊन दम खायच्या. मग पडवीतून स्वयंपाकघरात जाताना दाराला धरून उभ्या राहू लागल्या. एका सकाळी भाकरी थापता थापता त्यांचा श्वासच अडकला. ओठ काळे-निळे पडले. आप्पांनी माझं दार असं वाजवलं की कडी वाकली. रिक्षातून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. काकू मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. आप्पा रस्ताभर एकच बोलत होते, "हळू घे, हळू घे," आणि ते रिक्षावाल्याला सांगत होते का काकूंच्या श्वासाला, ते रिक्षावाल्यालाही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं. तासाभराने काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला. मग डॉक्टर आमच्याकडे वळले.

"घरात चूल आहे?"

"हाय," आप्पा म्हणाले.

"गॅस नाही?"

"हाय की. दोन सिलिंडर."

"मग चूल कशाला?"

आप्पा जरा सावरून बसले. ज्ञानाचा विषय निघाला होता. "ते राखंसाठी. कोंबड्यांच्या न्हाणीला लागती. बाभळीची, चाळून. चार घमेली मातीला एक तांब्या, जास्त घालत न्हाई. जास्त झाली तर त्यांच्या फुफ्फुसाला तरास व्हतो."

"चाळतं कोण?"

"हीच चाळती."

"किती वर्षं?"

"झाली की सात-आठ."

डॉक्टर थोडा वेळ काही लिहीत राहिले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोंबड्या कशा आहेत?"

"एकदम फसक्लास," आप्पा म्हणाले.

"आणि ह्या?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मी बी.एस्सी. झालेलो. शाळेत मुलांना श्वसनसंस्था शिकवतो, फळ्यावर रंगीत खडूने फुफ्फुसं काढतो. मी त्या घरात राहून कोंबड्यांसाठी लिटमस आणला होता आणि रोज दोन भाकरी खाल्ल्या होत्या. केंदूरला माझी आईही आयुष्यभर फुंकणी घेऊन बसली. तिच्या खोकल्याबद्दल मी कुठल्या डॉक्टरला कधी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

"धूर बंद, धूळ बंद," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळेस इतक्या वेळेत पोचाल असं नाही."

काकू दोन दिवसांनी घरी आल्या, तर पडवीत चूल नव्हती. आप्पांनी ती पहारीने फोडून, माती घमेल्याने नेऊन लांब ओढ्यात टाकली होती. जागा शेणाने सारवली होती. वाईट सारवली होती, पण सारवली होती. काकूंनी ते पाहिलं आणि पहिला दम मिळाल्याबरोबर आवाज चढवला.

"मला न इचारता माझी चूल मोडली?"

"तुझी कुठं व्हती?" आप्पा म्हणाले. "माझी व्हती."

आता गल्लीत सगळ्यांना उत्सुकता होती ती राखेची. शेजारच्या बायका, ज्या इतकी वर्षं चुलीपुढे आडव्या बसायच्या, त्या आता मुद्दाम घमेली भरून राख घेऊन दारात यायला लागल्या. "आप्पा, निस्ती बाभळ हाय. कशानं बी पेटवली न्हाई, काडीनं पेटवलीय. चाखून बगा." आप्पा नको म्हणायचे. राख आत येऊच द्यायचे नाहीत. न्हाणीतली जुनी माती त्यांनी तोंडाला फडकं बांधून उपसली आणि नुसती कोरडी माती आणि वाळू भरली. मी लक्ष ठेवून होतो. कोंबड्या आल्या, लोळल्या, उठल्या, झटकलं, दाणे टिपायला गेल्या. महिना गेला. आप्पांनी एकेकीला उलटी धरून पंखाखाली पाहिलं. एकही ऊ नव्हती.

"आप्पा," मी विचारलं, "म्हणजे राखेशिवायही चालतं?"

"चालतं की. माती कोरडी पायजे, बास. राख आपली उवा लई झाल्या तर, तेवढ्यापुरती."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

आप्पांनी हातातली कोंबडी खाली सोडली. ती पळाली नाही, त्यांच्या पायाशीच घुटमळत राहिली.

"व्हय," ते म्हणाले.

खरं तर मला पुढेही विचारायचं होतं. पण मग मला शिरूरच्या त्या माणसापुढचा त्यांचा चेहरा आठवला. एवढी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर कुणी काही विचारायला येत नाही. राखेचं विचारायला येत होते. त्यासाठी एक बाई रोज धुरात बसत होती, हा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता. आणि आता तो मांडून झाल्यावर तो कुणाला दाखवायचीही सोय नव्हती.

काकूंना तोंडात ओढायचा पंप दिला आहे. आप्पा आता त्यातले तज्ज्ञ झाले आहेत. "हलव. आता श्वास सोड. आता दाब. ओढ, ओढ, धर!" काकू पंप तोंडातून काढून मला म्हणतात, "मास्तर, डॉक्टरनं मला सांगितलंय, ह्यांना न्हाई. पर ह्येच श्वास धरून बसत्यात." आणि ते खरं आहे. काकू दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखतात तेव्हा आप्पांचे गाल फुगलेले असतात. काकूंचं सोडून झाल्यावरच ते सोडतात.

खुराडं आणि न्हाणी आता घरापासून लांब, गल्लीमागच्या मळ्याच्या बांधाकडे हलवली आहे. माती उडते ती उडतेच, राख असो वा नसो. आप्पा पहाटे तिकडे जातात, खुराडं झाडतात, न्हाणी खालीवर करतात आणि परत येतात. जानेवारीतल्या एका सकाळी मी शाळेला लवकर निघालो होतो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या नळाखाली आप्पा लंगोटावर बसले होते. बादलीत गार पाणी. दात वाजत होते. अंगावरचे धुळीचे कपडे त्यांनी काढून नळाशेजारी भिजत टाकले होते आणि धुतलेला सदरा-पायजमा फाटकाच्या आतल्या खिळ्यावर लावला होता.

"आप्पा, अहो आत चला. हीटरवर पाणी काढून देतो."

"नगं, नगं. कोंबड्यांचा वास येतो अंगाला. तिला खपत न्हाई."

काकू त्या वासात आठ वर्षं राहिल्या होत्या. वास खपत नाही असं त्यांनी मला एकदाही सांगितलेलं नाही.

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि काकू शाल लपेटून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "अहो, रोज उठून हे काय? निमोनिया हुईल! हाय तसंच या आत!"

"तू आत हो आधी!" आप्पा ओरडले. "दार लाव!"

"लावते, पर तुमी..."

"दार लाव म्हणतो ना!"

काकू काहीतरी पुटपुटत आत वळल्या. आप्पांनी तांब्या भरला, पण डोक्यावर घेतला नाही. केसांतून पाणी टपकत होतं, मातीचं गढूळ पाणी, आणि तो म्हातारा माणूस भरला तांब्या हातात धरून, मान घराकडे वळवून, कुडकुडत बसून राहिला. कडी लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी तांब्या डोक्यावर ओतला आणि नखांतली माती काढायला घेतली.